घट बसल्यावर भरू

अकोला, शनिवार, २७ सप्टेंबर २०२५

गजेंद्र,

माहा फोन तू घेत नाई, म्हणून कागद. खुशीच्या वहीचा आहे, मागं बेडकाच्या पोटाची आकृती आहे, तिच्याकडे पाहू नको. नबीभाऊ आमच्या मिलची डाळ घेऊन रोज अमरावतीले येते, त्याच्या हाती देऊन राहिली. त्याले चहा पाज अन् उत्तर त्याच्याच हाती दे.

याईले, तुह्या भाऊजीले, काल दवाखान्यातून घरी आणलं. छातीत दोन स्टेंट टाकले. डॉक्टर म्हणते, दोन महिने जिना नाई, ओझं नाई, राग नाई. जिना आमच्या घराले नाईच. ओझं मिलमध्ये राहिलं. राग मात्र घरातच आहे अन् त्याचं नाव गजेंद्र आहे.

तुले फोनवर चोर म्हटलं याईनं. तुह्या ऑफिसात चार गिऱ्हाइकं बसले होते अन् साऱ्याईनं आयकलं, हे मले भावजयीनं सांगतलं, ते पण ओरडून. मी तेव्हा खाटेजवळच उभी होती, खोटं काहून सांगू. पण हाताले सुई लागलेल्या माणसाचं बोलणं धरून बसतात काय? तू तुह्या भाऊजीले वीस वर्षांपासून ओळखते. मिलमध्ये मशीन बंद पडली तं मशीनीले पण शिव्या देते.

आता कामाचं. तू एक दिवस ये अन् याईले सांग, का विम्याच्या हप्त्याचे पैसे तुह्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये अडकले. पुढं गेले नाई, मागं आले नाई. बस, एवढंच. मग याईचा राग कंपनीवर जाईन. कंपनीले छाती नाई, तिले काही होत नाई.

तू म्हणशीन, कोणते पैसे ताई. ते मी समोर सांगीन. कागदावर नाई. पैसे कुठं गेले नाई, एवढं समज अन् डोकं लावू नको.

आई गेली तेव्हा तू पाळण्यात होता अन् तुले धरायले घरी कोणी पाहिजे म्हणून मी चौथीतून निघाली. हे मी कधी काढत नाई. आज काढून राहिली.

उद्या इतवार आहे. ये.

ताई


अकोला, मंगळवार, ३० सप्टेंबर

गजेंद्र,

तू आला नाई. चार ओळी पाठवल्या. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या चालल्यासारखं. खुशीकडून वाचून घ्यायची सोय नव्हती, म्हणून संडासाच्या मागं उभं राहून एकेक अक्षर लावून मीच वाचलं.

"ताई, माझ्याकडे एक रुपयाही आलेला नाही. सात सप्टेंबरला मी तुला स्वतः फोन केला होता. हप्त्याची तारीख दहा सप्टेंबर होती, सवलतीचा महिना दहा ऑक्टोबरला संपतो. तोवर भरलं नाही तर सहा वर्षांची पॉलिसी गेली आणि आता भाऊजींना कोणीही नवीन देणार नाही."

फोन केला होता. मी कुठं नाई म्हणते? पण काय झालं ते पूर्ण तं लिहायचं होतं.

तीन तारखेले टीव्हीवर आलं, बावीस सप्टेंबरपासून घरच्या आरोग्य विम्यावर कर नाई. अठराचा शून्य. सहा तारखेले याईनं पगारातून काढून हप्त्याचे पैसे माह्या हातात दिले अन् म्हटलं, "गजेंद्राले पाठवून दे." सात तारखेले तुहा फोन आला.

तू म्हटलं, "ताई, दहा तारीख चुकवू नको."

मी म्हटलं, "बावीसपासून कर नाई ना? मंग बारा दिवसासाठी साडेपाच हजार काहून घालू सरकारच्या घशात?"

तू म्हटलं, "आपण वर्षाचा हप्ता एकदम भरतो. उशीर झाला तर पॉलिसी जिवंत राहील, पण मधल्या दिवसांचं काही मिळणार नाही."

"बारा दिवसात काय आभाय कोसयते काय?"

"आभाळ सांगून कोसळत नसते, ताई."

मी म्हटलं, पितरपाट लागला आहे, पितरपाटात पैसा बाहेर काढून कोणतंच काम धरत नसतात, घट बसल्यावर भरू. त्यावर तू हसला. तू म्हटलं, "पितर काय पावती फाडते काय?" आठ दिवसांनी बाबांची तिथी होती अन् तू पितराईची चेष्टा करून राहिला होता. माह्या डोक्यात तेच घुसलं. मी म्हटलं, सरकारनं पण घट बसायचाच दिवस काढला, सरकारले कळते अन् तुले नाई कळत. अन् फोन ठेवला.

आता मले सांग, यात माही कोणती गोष्ट चूक आहे? मी तेरा वर्षांपासून पाकिटं बांधते. तूरडाळ पोत्यातून सुटी विकली तं कर नाई, तीच डाळ किलोच्या पाकिटात भरून छाप मारला का पाच टक्के. डाळ तीच, हात माहाच. कराची अक्कल मले या हातानं शिकवली. टीव्हीवर कर लावा, मी एक शब्द बोलत नाई, टीव्ही माणूस हौसेनं घेते. हौसेनं छातीत स्टेंट टाकून घेतलेला माणूस मले दाखव. विमा म्हणजे काय, भीती. माणूस भेते म्हणून भरते. अन् सरकार सहा वर्ष त्या भीतीवर अठरा टक्के घेत राहिलं, अन् एक दिवस म्हणते, जा, माफ. मंग ज्यानं थांबून पाहिलं तो मूर्ख कसा?

पैसे तूरडाळीच्या डब्यात आहेत, खालच्या तळाले. हे तुले आता समजलंच असन.

बावीसले भरणार होती. एकोणीसले याईनं मिलमध्ये मशीनीजवळ छाती धरली.

आता भरता येते का, तेवढं सांग. याईले न सांगता.

ताई


अकोला, शुक्रवार, ३ ऑक्टोबर

गजेंद्र,

काल दसरा झाला. दरवर्षी तू सोनं द्यायले येते अन् दोन दिवस राहून माह्या डोक्यावर मिरे वाटते. काल कोणी आलं नाई. याईनं दारातून आलेल्या पोट्ट्याईचं सोनं घेतलं, अन् माह्याकडे न पाहता म्हटलं, "चोराले तोंड दाखवायची लाज वाटली असन." खुशी म्हणे, "मामानं असं काहून केलं, आई?" मी भाजीत मीठ दोनदा टाकलं.

तुहा कागद नबीभाऊनं आज दिला. तू लिहितो, ओटीपी पॉलिसीवाल्याच्या फोनवर येते, भाऊजींना कळल्याशिवाय होत नाई. मी इथल्या कंपनीच्या ऑफिसातही जाऊन आली, तिथली पोरगी पण तेच म्हणे. अन् याईचा फोन याईच्या खिशात राहते, झोपले तरी.

पुढं तू लिहितो, "आणि कळल्याशिवाय मी हातही लावणार नाही. मला चार लोकांसमोर चोर म्हटलंय." ठीक आहे. तुह्या जागी मी असती तं मी पण लावला नसता.

पण खाली तू जे टोचून लिहिलं ते मले दिवसभर पुरलं. "अठरा टक्क्यांवर भांडतेस ना ताई, त्या दिवशी मिलमध्ये आलेली १०८ ची गाडी कोणाच्या पैशावर आली?"

ती गाडी अकरा मिनिटात आली. त्यात खुशीएवढी एक डॉक्टरीण होती. तिनं याईच्या जिभेखाली गोळी ठेवली, चार कुटून खायले दिल्या, शर्टाचे बटनं टराटरा काढले. मी तिले म्हटलं, किती देऊ. ती म्हणे, "मावशी, काही नाही द्यायचं, बाजूला सरका." पैसे नाई देले मी. कोणीतरी देले असनच. कोणी टीव्ही घेतला असन, कोणी पाकिटातली डाळ. कोणी दहा तारखेच्या आत हप्ता भरला असन, करासकट.

पण हे पण आयक. मी हरली म्हणून तू जिंकला असं नाई. गाडी पाहिजे, तं तिचा पैसा आजारी पडायच्या भीतीतूनच काहून काढायचा? ज्याच्याकडे बंगला आहे त्याच्या बंगल्यातून काढा. अन् तू लिहितो, कर गेला म्हणून कंपनीनं या महिन्यापासून तुमचं कमिशन कापलं. मंग कर गेला कुठं? तुह्या ताटातून गेला. सरकारनं सोडलं, कंपनीनं तुह्या हातून काढलं. याले माफी म्हणतात काय?

आता राहिलं ते सांगते. तू विचारलं नाई, पण विचारशीन.

दवाखान्यात खिडकीवरच्या पोरीनं कार्ड पाहिलं अन् म्हणे, पॉलिसी दहा तारखेला संपली, रोख भरावे लागतील. याईले ट्रॉलीवर घेतलं होतं. तोंड पांढरं फटक झालं होतं. याईनं मान वळवून मले विचारलं, "भरले होते ना?"

मी म्हटलं, "गजेंद्राले देले होते."

बस. तीन शब्द. मले वाटलं, आता खरं सांगितलं तं हा माणूस इथंच मरते. मी तेव्हा तेच म्हटलं स्वतःले, अन् अजून तेच म्हणते. पण गजेंद्र, दुसरं पण होतं. मले वाटलं, मेला नाई तं माह्याकडे कसा पाहीन.

दवाखान्याच्या बिलापायी माही गळ्यातली सोन्याची पोत गेली, खुशीच्या कॉलेजची ठेव मोडली. ते मी मागत नाई. फक्त एवढं सांग, दहा तारखेच्या पुढं दोन-चार दिवस सरकते का.

ताई


अकोला, सोमवार, ६ ऑक्टोबर

गजेंद्र,

"सरकत नाही." दोन शब्दासाठी पूर्ण कागद वाया घातला तू.

इथं काय चाललं ते आयक. याईनं काल खुशीले बसवलं अन् कंपनीच्या मोठ्या साहेबाले अर्ज लिहून घेतला. "आमच्या साळ्याने हप्त्याची रक्कम स्वतः वापरली." पोट्टीनं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, मधात दोनदा थांबली. मंग याईनं तो माह्यापुढं ठेवला, "साक्षीदार म्हणून सही कर, पैसे तूच देले होते." मी म्हटलं, घरातली गोष्ट घरात ठेवा, एकुलता एक भाऊ आहे माहा. याईचा श्वास वर चढला. मानेची शीर उडायले लागली. "तुले भाऊ पाहिजे का नवरा?"

मी सही केली.

हे मी तुले सांगून राहिली, कारण तो अर्ज घेऊन हे गुरुवारी नबीभाऊच्या गाडीत बसून अमरावतीले येणार आहे. आधी तुह्या ऑफिसात, मंग कंपनीत. डॉक्टरले विचारलं नाई. माह्या सहीचा अर्ज तुह्या टेबलावर आदळला तं तुही एजन्सी राहणार नाई, एवढं मले पण समजते.

तू म्हणशीन, मंग सांगून टाक. सोपं आहे तुह्यासाठी. तू दुसऱ्या माळ्यावर खुर्चीत बसला आहे. मी रोज सकाळी याईच्या हातावर पाच गोळ्या ठेवते अन् तोंड उघडते, अन् याईचा हात छातीवर जाते, बटन लावायले का खाजवायले काय माहीत, अन् माहं तोंड बंद होते.

मिलमध्ये शेठ बोलले, साऱ्या कामगाराईचा एकच मोठा विमा काढू. मले वाटलं, सुटली. देवानंच रस्ता काढला. मुनीमजीले जाऊन विचारलं. ते म्हणे, काढू, पण त्याच्यावर अठरा टक्के कर आहेच, शून्य फक्त घरच्यासाठी. मी म्हटलं, तिघाईनं काढला तं शून्य अन् मिलच्या साठ जणाईनं मिळून काढला तं अठरा? एकट्यानं भेलं तं माफ, मिळून भेलं तं दंड? मुनीमजी म्हणे, "मावशी, मी सरकार नाही, मी मुनीम आहे." मंग त्याईनं शेवटी सांगतलं, आता जुना आजार त्यात तीन वर्ष बसत नाई. म्हणजे याईचं हृदय सोडून याईचं सारं बसते.

म्हणजे दहा तारखेचीच पॉलिसी. दुसरी नाई.

आज सहा. मी मोजून राहिली.

तू काही लिहू नको. तू लिहिलं का मले तुह्यावर राग येते अन् मंग मी कामाचं सोडून तुह्याशीच भांडत बसते. ते सोपं पडते मले.

ताई


अकोला, गुरुवार, ९ ऑक्टोबर, सकाळचे साडेनऊ

गजेंद्र,

नबीभाऊ बाहेर हॉर्न वाजवून राहिला, घाईत लिहिते.

याईनं सातले अंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत टाकला. मी गोळ्या देल्या. पाच मिनिट थांबली, जिभेखालची गोळी माह्या पदराले बांधली, खुशीले म्हटलं बाबाजवळ बस अन् उठू नको. मंग मी डाळीचा डबा आणला अन् याईच्या पुढं सुपात उलटा केला.

डाळ पडली. नोटाचं पुडकं पडलं. त्याले रबर होतं, याईनंच लावलेलं, मिलच्या पट्ट्याचं काळं रबर.

मी म्हटलं, "मी भरलेच नाई. गजेंद्राले देले नाई. त्यानं फोन केला होता, मीच थांबली, कर वाचवायले. दवाखान्यात खोटं बोलली. उद्या शेवटचा दिवस आहे." मी हे रातभर पाठ केलं होतं, तरी मधात अडकली.

याईनं पुडकं उचललं, त्याच्यावरची डाळीची भुकटी फुंकून उडवली, बेअरिंगवरची उडवते तशी. मी याईच्या छातीकडे पाहून राहिली. ती वरखाली होत होती, बरोबर होत होती. मंग याईनं अर्ज काढला, चार घड्या केल्या अन् हलणाऱ्या खाटेच्या पायाखाली सारला. खाट हलवून पाहिली. हलत नव्हती.

मंग म्हणाले, "त्याले मी चोर म्हटलं. तू तिथं उभी होती. मले म्हणू देलं."

मी सुपातली डाळ परत डब्यात भरायले लागली.

मी म्हटलं, फोनवर सांगा त्याले, तुमच्या फोनवर ओटीपी येईन, तो तिथून करन. हे म्हणाले, "तोंडानं म्हटलं होतं, चार जणात. ते फोनवर परत घेता येत नाई." खुशी म्हणे मी येते सोबत. हे म्हणाले, चल. मले म्हणाले नाई. त्यानंतर मी पाणी देलं ते पण खुशीच्या हातून घेतलं.

तं हे येऊन राहिले. अकरा-साडेअकराले पोचन. पैसे याईच्या खिशात आहेत, खुशी मोजून देईन, तू ते घेऊन लिंक उघडून ठेव. तुह्या कंपनीचा कॉम्प्युटर अजून जुनाच आकडा दाखवते म्हणतो, कारण बिल ऑगस्टचं निघालं होतं. मले आता ते सांगू नको. आहे तसे पाठवले, करासकट. लागला तं लागला. मी अजून म्हणते तो कर चूक होता, अन् मुनीमजीवाला अठरा अजून चूक आहे. कोणी विचारलं तं चौकात म्हणीन. पण ते सरकारले म्हणायचं होतं, मी ते याईच्या छातीवर ठेवून म्हटलं.

माफी मले मागता येत नाई, तुले माहीत आहे. लहानपणी तुले मारलं का मी गूळ द्यायची. खुशीजवळ डबा देला आहे.

भाऊबीजेले पाट टाकीन. याईनं घरात बसू देलं तं आत, नाई तं दारात. येणं न येणं तुह्यावर.

हा कागद बंद केला नाई. याईच्याच हातात देऊन राहिली, वाटेनं वाचायचा असन तं वाचू दे.

एक काम कर. पुढचं काय करायचं ते तुमचं तुमी पाहा, पण हे एक कर. तुहं ऑफिस दुसऱ्या माळ्यावर आहे अन् याईले जिना मना आहे. हे काही आयकणार नाई, चढून येतील, वर चार जणात म्हणायचं म्हणून. गाडीचा हॉर्न आयकला का तुह्या गिऱ्हाइकाईले घेऊन तूच खाली ये.

ताई